निजामपुऱ्याला एक लहान खोली द्या

प्रति,
माननीय महापौर, माननीय महानगरपालिका आयुक्त, स्थायी समितीचे अध्यक्ष व सदस्य आणि नगर प्राथमिक शिक्षण समितीचे पदाधिकारी,
वडोदरा.



मागणी आधीच सांगून टाकतो, म्हणजे कामाच्या गर्दीत हे पत्र अर्ध्यावर राहिले तरी ती तुमच्यापर्यंत पोचलेली असेल. निजामपुऱ्यात ऐंशी ते शंभर माणसे बसतील अशी एक लहान, सुरक्षित आणि रोज संध्याकाळी उघडी राहणारी खोली आम्हाला हवी आहे. गोष्ट सांगणाऱ्यांसाठी, नाटक बसवणाऱ्यांसाठी आणि ते ऐकायला-बघायला येणाऱ्यांसाठी. नवी इमारत बांधा असे आमचे म्हणणे नाही. शिक्षण समितीच्या एखाद्या शाळेतले सभागृह शाळा सुटल्यावर संध्याकाळी सहा ते साडेनऊ मिळाले, तरी आमचे काम भागेल.

शहरात नाट्यगृहे नाहीत अशी आमची तक्रार नाही. ज्युबिली बागेजवळ महात्मा गांधी नगरगृह आहे, अकोट्याला सर सयाजीराव नगरगृह आहे, आणि खुद्द निजामपुऱ्यात पंडित दीनदयाळ उपाध्याय नगरगृह आहे. प्रतापगंजला विद्यापीठाचे सी. सी. मेहता सभागृह आहे. मुंबई-पुण्याहून येणाऱ्या व्यावसायिक नाटकाला, शाळांच्या स्नेहसंमेलनांना, मोठ्या सत्कारांना ही सभागृहे लागतातच आणि ती असावीतच. पण या शहरात वर्षभर जे काम चालते ते त्या मापाचे नाही. ते चाळीस माणसांचे असते, साठ माणसांचे असते. एखाद्या संध्याकाळी पंचवीसच येतात आणि तरी ती संध्याकाळ चांगली जाते.

एका मोठ्या सभागृहात आम्ही एकदा कथाकथनाचा कार्यक्रम केला. समोर सत्तरएक श्रोते होते, पहिल्या सहा-सात रांगांत विखुरलेले, आणि त्यांच्या मागे काळोखात रिकाम्या खुर्च्यांचा पसारा. सांगणारी मुलगी विशीतली होती. आजीने शेवटच्या आजारपणात काय काय बोलून ठेवले ते ती सांगत होती, आणि ते मोठ्याने सांगण्यासारखे नव्हते. माइक जवळ घेतला की आवाज मागच्या भिंतीवर आपटून परत येत होता, लांब धरला की तिसऱ्या रांगेला ऐकू जात नव्हते. पाचव्या मिनिटाला तिने आवाज चढवला आणि तिथेच ती गोष्ट हातची गेली. भाडे अर्थातच अख्ख्या सभागृहाचे भरावे लागले. तीच मुलगी महिनाभराने एका घराच्या हॉलमध्ये, सतरंजीवर बसून तीच गोष्ट पुन्हा बोलली, तेव्हा ऐकणाऱ्यांपैकी कोणी मोबाइलकडे पाहिलेसुद्धा नाही. कलावंत तीच होती, गोष्ट तीच होती. जागेने केवढा फरक पडतो हे आम्ही त्या दोन संध्याकाळींत पाहिले.

आता ही माणसे कोण आहेत ते तुम्हाला सांगावेसे वाटते, कारण पालिकेच्या दफ्तरात ती फक्त ‘आयोजक’ म्हणून नोंदली जातात, आणि तीही बुकिंगच्या फॉर्मवर सही करणारे एकच नाव. आमच्यातले प्रकाशयोजना करणारे गृहस्थ दिवसा नंदेसरीच्या एका कारखान्यात पाळी करतात. पहिली पाळी संपवून ते थेट तालमीला येतात, अंगावर कारखान्याचा गणवेश तसाच. त्यांच्या पिशवीत नेहमी जिलेटिन पेपरचे तुकडे असतात: निळा, अंबर आणि एक फिकट गुलाबी, जो आता बाजारात सहज मिळत नाही म्हणून ते जपून वापरतात. मोठ्या दिव्याच्या तोंडावर हा कागद क्लिपने लावायचा, दिवा तापला की तो आक्रसतो, मध्यंतरात शिडीवर चढून परत नीट करायचा. प्रेक्षकाला दिसते ती फक्त पहाट. त्या पहाटेसाठी एक माणूस आठ तासांच्या पाळीनंतर शिडीवर उभा असतो.

कपडेपट सांभाळणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांच्या घरच्या एका कपाटात माणसांचे कपडे आहेत आणि दोन कपाटांत नाटकातल्या माणसांचे. रंगभूषा करणारा तरुण लग्नसराईत नवरीचा मेकअप करून पोट भरतो आणि आमच्याकडे येण्यासाठी मुहूर्ताच्या दिवशीची कमाई सोडतो. रिफायनरीतून निवृत्त झालेले एक काका प्रॉम्प्टिंग करतात. त्यांना अख्खी संहिता पाठ असते, तरी डोळे वहीवरून हलत नाहीत, कारण नट कुठे अडखळेल हे वहीत त्यांनी पेन्सिलीने आधीच खुणावून ठेवलेले असते. सेट वाहून नेणारा टेम्पोवाला आता इतका आमचा झाला आहे की विंगेत उभा राहून तो पहिल्या अंकाचा परिणाम सांगतो, आणि त्याचे बहुतेक वेळा बरोबर असते. विद्यापीठाच्या नाट्यविभागातली मुले-मुली आहेत, आयटीत काम करणारे आहेत, एक फिजिओथेरपिस्ट आहे, आणि गेल्या काही वर्षांत खुल्या माइकवर स्वतःच्या आयुष्यातल्या गोष्टी सांगायला पुढे आलेली कितीतरी तरुण मंडळी आहेत. कोणी गुजरातीत सांगतो, कोणी हिंदीत, कोणी मराठीत सुरू करून गुजरातीत संपवतो. बडोद्यात याचे कोणाला नवल वाटत नाही.

यांच्या तालमी कुठे होतात? सोसायटीच्या कॉमन प्लॉटवर, गच्चीवर, पार्किंगमध्ये. कॉमन प्लॉट नवरात्रात गरब्याला जातो आणि तो जायलाच हवा. लग्नसराईत तो मांडवाला जातो. पावसाळ्यात गच्ची जाते. उरलेल्या दिवसांत रात्री नऊनंतर आवाज नको असे शेजारी सांगतात आणि त्यांचेही चुकत नाही. लहान मुलांच्या परीक्षा असतात, घरात आजारी माणसे असतात. एका दोन अंकी नाटकाची तालीम आम्ही पाच वेगवेगळ्या जागी केली. प्रत्येक जागेचे माप निराळे, त्यामुळे नटांच्या हालचाली दर वेळी नव्याने बसवाव्या लागल्या, आणि प्रयोगाच्या दिवशी रंगमंच मिळाला तो दुपारी तीनला. पहिली घंटा सातला. चार तासांत सेट लावायचा, दिवे लावायचे, आवाज तपासायचा आणि रंगीत तालीमही त्यातच करायची. हौशी नाटक कच्चे वाटते असे प्रेक्षक म्हणतात, त्याचे निम्मे कारण या चार तासांत आहे.

आपल्या शहराला गोष्ट सांगण्याचे काम नवीन नाही. सतराव्या शतकात याच वडोदऱ्यात प्रेमानंद भट्ट राहत होते. ते माणभट्ट होते. तांब्याची मोठी घागर मांडीपाशी घ्यायची, बोटांत अंगठ्या घालायच्या, त्या अंगठ्यांनी घागरीवर ठेका धरायचा आणि आख्यान लावायचे. नळाचे, सुदाम्याचे, ओखाहरणाचे, नरसी मेहतांची मुलगी कुंवरबाई हिच्या मामेऱ्याचे, म्हणजे माहेरच्या आहेराचे. नंदुरबारलाही त्यांचा मुक्काम असे, म्हणजे आजच्या महाराष्ट्रातल्या श्रोत्यांनीही ही आख्याने त्यांच्या तोंडून ऐकलेली आहेत. चैत्रात ओखाहरण वाचण्याचा प्रघात गुजरातेत अजून आहे. आणि माणभट्टांची ही कला आपल्या शहरात धार्मिकलाल पंड्या यांनी आयुष्य घालून विसाव्या शतकातून पुढे आणली. तांब्याच्या घागरीवर अंगठी पडते तो आवाज जवळून ऐकण्याचा आहे. बोटाच्या पेराचा आवाज वेगळा, अंगठीचा वेगळा, तळहाताने दाबून सोडलेला घुमारा आणखी वेगळा. स्पीकरमधून आला की हे तिन्ही एकच होतात. ज्या कलेने या शहराला त्याचा पहिला मोठा कवी दिला, ती कला जशी ऐकायला हवी तशी ऐकवता येईल अशी सार्वजनिक जागा आमच्या भागात नाही, याचे आम्हाला मनापासून दुःख आहे.

मराठी रंगभूमीचेही या शहराशी नाते जुने आहे. भाऊराव कोल्हटकर बडोद्याचे. 1863 चा त्यांचा जन्म, म्हणजे सयाजीराव महाराजांच्याच वर्षीचा. अण्णासाहेब किर्लोस्करांनी त्यांना इथून 1882 मध्ये नेले आणि ‘सौभद्र’मधली त्यांची सुभद्रा महाराष्ट्राने डोक्यावर घेतली. पुढे हिराबाईंनी ‘बडोदेकर’ हे नाव लावून मैफली गाजवल्या, भावंडांना घेऊन नाटक कंपनी काढली, आणि स्त्रीची भूमिका स्त्रीनेच करावी हे मराठी रंगमंचावर रुजवण्यात मोठा वाटा उचलला. गंधर्व नाटक मंडळीला गायकवाड सरकारचा आश्रय होता. चि. वि. जोशी इथे बडोदा कॉलेजात पाली शिकवत आणि चिमणरावाच्या गोष्टी लिहीत. चाळीसच्या दशकात ‘अभिरुची’ मासिक इथूनच निघे आणि तेव्हा नवखे असलेले पु. ल. देशपांडे त्यात लिहीत.

सयाजीराव महाराजांचे नाव आपल्याकडे प्रत्येक भाषणात घेतले जाते, आणि त्यांनी बांधलेल्या इमारती दाखवल्या जातात. आमच्या कामाच्या दृष्टीने मात्र त्यांच्या काळातल्या दुसऱ्याच गोष्टी मोलाच्या वाटतात. 1886 मध्ये उस्ताद मौलाबक्ष यांच्या हाताखाली गायनशाळा सुरू झाली, आणि जे गाणे घराण्यांत आणि दरबारात होते ते शाळेत जाऊन शिकता येण्याजोगे झाले. विद्यापीठाचे आजचे परफॉर्मिंग आर्ट्‌सची विद्याशाखा तिच्यातूनच वाढली. 1890 मध्ये कलाभवन निघाले. दादासाहेब फाळके तिथे शिकले, आणि त्याच सुमाराला त्यांनी आदर्श नाट्यगृहाची एक प्रतिकृती केली होती. 1892 च्या अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात तिला सुवर्णपदक मिळाले. ज्यांना आपण भारतीय सिनेमाचे जनक म्हणतो, ते वडोदऱ्यात विद्यार्थी असताना चांगले नाट्यगृह कसे असावे याचा विचार करत होते. भरताचे नाट्यशास्त्र अभिनवगुप्ताच्या टीकेसह छापायला सुरुवात झाली ती 1926 मध्ये, गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये, इथून. भारतात कुठेही नाट्यशास्त्र शिकवायचे तर बडोद्याची ही प्रत उघडावी लागते.

आणि वाचनालये. 1910 मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बोर्डन यांना बोलावून महाराजांनी मध्यवर्ती ग्रंथालय उभे केले, हे आपण शाळेत शिकतो. त्याच खात्याने लाकडी पेट्यांत पुस्तके भरून ती खेडोपाडी पाठवली, हे त्याहून मोठे काम होते. मॅजिक लॅंटर्नची चित्रे गावोगावी नेऊन दाखवणारी शाखाही याच खात्यात होती. मोठे ग्रंथालय शहरात राहिले आणि पुस्तक माणसाच्या दारापर्यंत गेले. नाट्यगृहांच्या बाबतीत आपण पहिले काम केले आहे. दुसरे राहिले आहे, आणि आम्ही मागतो आहोत ते दुसरे.

तुम्ही विचाराल, इतकी वर्षे लहान कार्यक्रम कुठे होत होते, तिथेच का होऊ नयेत? ते होत होते कॅफेमध्ये, तळघरातल्या स्टुडिओत, कोचिंग क्लासच्या रविवारी रिकाम्या असणाऱ्या वर्गात, कोणाच्या तरी गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये. 25 मे 2024 ला राजकोटच्या गेम झोनला आग लागली आणि लहान मुलांसह कितीतरी जीव गेले. त्यानंतर राज्यभर तपासण्या झाल्या, फायर एनओसी आणि बांधकाम वापर परवाना नसलेल्या जागांना सील लागले. हे योग्यच झाले. आम्ही स्वतः ज्या काही जागांत प्रेक्षक बसवले त्यांना एकच जिना होता, आणि तोही सामानाने अर्धा भरलेला. तिथे काही झाले नाही, हे नशीब. अशा जागी पुन्हा माणसे बसवावीत असे आमच्यातल्या कोणालाही वाटत नाही. पण मग पुढे काय, हा प्रश्न उरतोच. बाहेर पडायचे दोन मार्ग, अग्निशमनाची सोय, विजेचा पुरेसा भार आणि परवाना एवढे सगळे असलेली शंभर माणसांची खोली बाजारभावाने उभी करायची तर ती लग्नाच्या हॉलच्या दराने भाड्याने द्यावी लागेल, आणि त्या दराला गोष्ट सांगणारा परवडणार नाही. खासगी माणसाला हे गणित जमत नाही म्हणून आम्ही तुमच्याकडे आलो आहोत. शाळेच्या इमारतीत यातले बरेच काही आधीपासून असते किंवा मुलांच्या सुरक्षेसाठी असायलाच हवे असते.

शाळेत नाटक, हा काही आमच्या डोक्यातून निघालेला प्रयोग नाही. मुंबईत दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात 1974 पासून ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने प्रायोगिक नाटके केली. अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे, अरुण काकडे ही मंडळी त्यामागे होती. दिवसा शाळा, संध्याकाळी नाटक. जिने चढून जायचे, साध्या खुर्च्या, खालच्या रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज. तरी मराठी रंगभूमीचा इतिहास लिहिणारा कोणीही छबिलदासचे नाव टाळू शकत नाही. त्या जागेवरून एका चळवळीलाच नाव पडले. पुढे आविष्कारचे काम कित्येक वर्षे माहीमच्या महापालिकेच्या शाळेतून चालले. म्हणजे महापालिकेच्या शाळेने रंगभूमीला आसरा द्यावा याला मुंबईचा दाखला आहे. अरुण काकडे यांनी आयुष्यभर जे काम केले ते मंचावरचे फार थोडे, बाकी सगळे चाव्या सांभाळण्याचे, भाडे भरण्याचे, खुर्च्या मांडण्याचे, तारखा जुळवण्याचे. आमच्या शहरातही असे काम करणारे लोक आहेत. त्यांना फक्त एक चावी हवी आहे.

निजामपुराच का, हेही सांगतो. जुन्या शहरात दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा इथे संस्था आहेत, वाडे आहेत, मंदिरे आहेत. कीर्तन तिथे होते, व्याख्यान तिथे होते, प्रेमानंद साहित्य सभेसारखी घरे तिथे आहेत. पण त्या पेठांतली मुले लग्ने करून, फ्लॅट घेऊन कधीच इकडे उत्तरेला आली. छाणी जकातनाक्यापर्यंत आणि त्याच्याही पुढे वस्ती वाढली. विद्यापीठ आणि त्याची वसतिगृहे इथून जवळ, रेल्वे स्टेशन जवळ, नंदेसरी आणि रिफायनरीकडून परतणाऱ्यांचा रस्ता इथलाच. संध्याकाळी सातच्या कार्यक्रमाला दांडिया बाजारात पोचायचे तर गाडी लावायला जागा शोधण्यातच अर्धा तास जातो. इथे कॉलेजची मुलगी चालत येऊ शकते आणि साडेनऊला कार्यक्रम संपला तर विटकॉसची बस किंवा शेअर रिक्षा पकडून घरी जाऊ शकते. आमच्याकडे गोष्ट सांगायला येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त मुली आणि बायका आहेत. वेळेचा आणि रस्त्याचा हा हिशेब त्यांच्या घरचे आधी करतात, मगच त्यांना पाठवतात.

खोलीबरोबर आणखी दोन गोष्टी मागायच्या आहेत, आणि त्यांना पैसा फारसा लागत नाही. एक म्हणजे घेतलेली तारीख पाळली जावी. एका सभागृहाने आमचा प्रयोग सहा दिवस आधी रद्द केला, कारण त्याच दिवशी एक सरकारी कार्यक्रम ठरला. भाडे परत मिळाले. पण तिकिटे विकली गेली होती, मुंबईहून येणाऱ्या एका नटाचे रेल्वेचे आरक्षण झाले होते, आणि डभोईहून दोन म्हातारी माणसे बसने आली ती दारावरचा कागद वाचून परत गेली, कारण त्यांच्यापर्यंत आमचा निरोप पोचला नव्हता. सरकारी कार्यक्रम महत्त्वाचे असतात हे आम्हाला मान्य आहे. तरी तीस दिवसांच्या आत आलेली मागणी दुसऱ्या जागी वळवावी, एवढा नियम करता येईल. दुसरे म्हणजे प्रत्येक नगरगृहात दिव्यांचे आणि ध्वनीचे शिक्षण घेतलेला एक माणूस कायम नेमावा. आज बऱ्याच ठिकाणी हे काम विद्युत विभागातून बदलीवर आलेल्या कर्मचाऱ्यांकडे असते. ते मेहनती असतात, पण डिमर आणि फ्यूज यांतला फरक त्यांना कोणी शिकवलेला नसतो, आणि बिघाडाची जबाबदारी मात्र त्यांच्यावर येते. विद्यापीठाच्या नाट्यविभागातून हे शिकून दर वर्षी मुले बाहेर पडतात आणि काम नाही म्हणून मुंबईची गाडी पकडतात. पालिकेने त्यांतली काही ठेवून घेतली तर नगरगृहे सुधारतील.

विद्यापीठालाही इथेच विनंती करतो. चंद्रवदन मेहतांसारख्या माणसाने ज्या विद्यापीठात नाटक रुजवले, पी. एस. चारींसारख्या शिक्षकांनी जिथे पिढ्या घडवल्या, तिथल्या विद्यार्थ्यांनी निजामपुऱ्याची ही खोली चालवायला घ्यावी. एका सत्रात दिवे, एका सत्रात व्यवस्थापन, आणि त्याचे गुण अभ्यासक्रमात धरावेत. वर्गात शिकलेले रात्री प्रेक्षकांसमोर तपासून पाहण्याची संधी मुलांना शिक्षणाच्या वर्षांतच मिळाली पाहिजे.

आणि आपल्या मराठी संस्थांना, घरचे माणूस म्हणून. फेब्रुवारी 2018 मध्ये एक्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे भरले. मराठी वाङ्मय परिषदेने ते पेलले, याचा आम्हाला अभिमान आहे. त्याआधी 1909, 1921 आणि 1934 मध्येही हे संमेलन बडोद्यात झाले होते. महाराष्ट्राबाहेरच्या फार थोड्या शहरांना असा मान मिळाला असेल. पण तीन दिवसांचा मांडव उठल्यावर इथल्या मुलांच्या हातात काय राहिले, हे आपणच आपल्याला विचारायला हवे. गणपतीत, दिवाळी पहाटेला, वर्धापनदिनाला आपण मुंबई-पुण्याहून नामवंत बोलावतो. त्यांना जरूर बोलवावे. मात्र वर्षातल्या चार संध्याकाळी इथल्या कथाकारांना, मानधन देऊन, राखून ठेवाव्यात. शंकर पाटील, मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर हे तिघे गावोगाव हिंडून कथा सांगत, तेव्हा त्यांना बोलावणारी छोटी मंडळे होती म्हणून ते हिंडू शकले. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ एकट्याने उभे केले, पन्नासहून जास्त माणसे एका अंगातून दाखवली. त्यांनाही सुरुवातीला कोणीतरी एक छोटी सभा आणि एक तास दिला असेलच. आपल्याकडेही तसा कोणी असेल, आणि आज तो एखाद्या पार्किंगमध्ये तालीम करत असेल.

एक शंका तुमच्या मनात येईल, म्हणून आधीच बोलतो. ही खोली मराठी माणसांची म्हणून मागत नाही. मी मराठीत लिहितो आहे कारण मला लिहिता येते ते मराठीत. याच पत्राची गुजराती प्रत तुमच्या कार्यालयात वेगळी देत आहे. खोलीत सोमवारी गुजराती तालीम असेल, मंगळवारी सिंधी कवितांची बैठक, बुधवारी कोणाचे भारूड. भूपेन खख्खर यांच्यासारखा चित्रकार या शहरात गुजराती नाटक लिहीत होता, मराठी घरातली माणसे गुजराती नाटकात कामे करत होती आणि आजही करतात. भाषेवरून वेळा वाटू नयेत. तालमीला किती दिवस लागणार आणि प्रयोग कधी आहे, एवढेच पाहून वेळ द्यावी. कोणती गोष्ट सांगावी, कोणती नको, यात मात्र खोलीच्या व्यवस्थेने पडू नये. कायदा आहे, परवाने आहेत, ते आम्ही पाळू. त्यापलीकडे एखाद्या मुलीने स्वतःच्या घराची गोष्ट कशी सांगावी हे तिच्यावर आणि तिच्या श्रोत्यांवर सोडावे.

पैशांचे बोलतो. शाळेचे सभागृह रंगमंच म्हणून वापरायचे तर खिडक्यांना जाड काळे पडदे लागतील, दहा-बारा एलईडी दिवे, एक साधा डिमर, दोन स्पीकर, हलवता येतील असे लाकडी फलाट आणि सामान ठेवायला कुलपाची एक खोली. जुन्या दिव्यांपेक्षा एलईडीला वीज फार कमी लागते, त्यामुळे शाळेच्या जोडणीवर ताण येऊ नये. पडदे आणि फलाट आम्ही वर्गणीतून करू. संध्याकाळी शाळेत थांबणाऱ्या शिपायाचा आणि सफाई करणाऱ्या बाईंचा जादा वेळेचा पगार पालिकेने त्यांना वेळेवर द्यावा. तो आमच्या वर्गणीवर सोडू नये, कारण वर्गणी कमी पडली की पहिला फटका त्यांना बसतो. रोजचे भाडे दोन तासांवर आकारावे आणि तालमीचा दर प्रयोगाच्या निम्म्याहून कमी असावा. सकाळी शिक्षकांना वर्ग जसाच्या तसा मिळेल, फळ्यावरचे एक अक्षरही पुसलेले नसेल, याची लेखी हमी आम्ही देतो.

पुढच्या अंदाजपत्रकाचा मसुदा आयुक्त मांडतील तेव्हा त्यात या खोलीसाठी एक ओळ असावी, रक्कम लहान असली तरी चालेल. त्याआधी तुमचे अभियंते निजामपुऱ्यातल्या शाळा पाहायला येणार असतील तर आम्हाला दोन दिवस आधी कळवा. आमचे प्रकाशयोजनाकार त्या दिवशी पाळी बदलून घेतील. विजेचा भार किती लागेल, दिवे कुठे टांगता येतील, कोणते दार आपत्काळात मोकळे ठेवायचे, याचा नकाशा काढून ते तिथल्या तिथे देतील. कपडेपटाच्या बाई मोजपट्टी घेऊन येणार आहेतच. पडद्यांचे माप त्यांना स्वतः घ्यायचे आहे.

आपला नम्र,
निजामपुऱ्यातला एक हौशी रंगकर्मी